स्टेम सेलने पायोरियात गेलेलं हाड परत येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४६. खालच्या दाढांभोवती ६-७ मि.मी.ची पॉकेट्स (हिरडी दातापासून सुटून झालेले खिसे) आहेत आणि एक्स-रेत एका दाढेच्या कडेने हाड तिरकं खाली उतरलेलं दिसतं. एका दंतवैद्यांनी फ्लॅप सर्जरी (हिरडी उचलून आतली सफाई) सुचवली. दुसरीकडे सांगितलं गेलं, "कापाकापी नको, स्टेम सेलचं इंजेक्शन देऊ, हाड आणि हिरडी भरून येईल." यात तथ्य किती, आणि त्यासाठी थांबावं का?

थांबू नका. पायोरियासाठी मूलपेशींचे (स्टेम सेलचे) उपचार आजही मुख्यतः चाचण्यांच्या टप्प्यावर आहेत. विषय थोतांड नाही, त्यामागचं विज्ञान पक्कं आहे. पण तुमच्या दाढेजवळचा तिरका खड्डा नेमका अशा प्रकारचा आहे की जो आज उपलब्ध असलेल्या शस्त्रक्रियेला चांगली दाद देतो. पेशींची वाट पाहण्यात सहा महिने गेले तर तोच खड्डा रुंद होऊ शकतो, आणि रुंद खड्डा भरणं फार अवघड असतं.

आता कारणं.

नेमकं काय गेलेलं असतं

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो, समोर जबड्याचं हाड, आणि मधल्या साधारण ०.२ मि.मी. फटीत लिगामेंट. बाजेचा सुंभ जसा दोन्हीकडच्या लाकडांत ओवून ताणलेला असतो, तसे या लिगामेंटचे तंतू एका टोकाला सिमेंटममध्ये आणि दुसऱ्या टोकाला हाडात रुतलेले असतात. चावताना येणारा भार तेच झेलतात. दोन कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, तेवढ्या जागेत हे सगळं बसलेलं आहे. त्यामुळे 'हाड भरून आलं' एवढं पुरत नाही. हाड मुळाला थेट चिकटलं तर दात जखडतो आणि पुढे हाडाची झीज-भर करणाऱ्या पेशी मूळच खाऊ लागतात. सिमेंटम, तंतू आणि हाड ही तिन्ही एकाच वेळी, एकमेकांत गुंतून आली तरच त्याला पुनर्निर्मिती म्हणायचं.

पायोरियाची सुरुवात मुळावर साचलेल्या जिवाणूंच्या थरापासून होते, पण नासधूस बरीचशी आपलीच रोगप्रतिकारयंत्रणा करते. पांढऱ्या पेशी हिरडीत गर्दी करतात, टीएच१७ जातीच्या लिम्फोसाइट पेशी दाह पेटता ठेवतात, हाड खाणाऱ्या पेशींना चेतवणाऱ्या रँकल या प्रथिनाचं प्रमाण वाढतं आणि त्याला आवर घालणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन कमी पडतं. मग हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. किटण काढलं की ही आग विझते. गेलेलं मात्र आपोआप परत येत नाही, कारण जखम भरताना हिरडीची त्वचा सगळ्यांत आधी धावत खाली येते आणि मुळाला चिकटते. पॉकेट कमी झालेलं दिसतं, रक्त थांबतं, पण आत तंतू नसतात, त्वचेचा लांब थर असतो.

१९७६ मध्ये संशोधक मेल्चर यांनी हीच शर्यत नेमक्या शब्दांत मांडली: साफ केलेल्या मुळापर्यंत कोणती पेशी आधी पोचते, त्यावर तिथे काय तयार होणार हे ठरतं. त्वचा आधी पोचली तर नुसती चिकटण, हाडाची पेशी आधी पोचली तर दात जखडणार, लिगामेंटची पेशी पोचली तरच खरी जोडणी. १९८२ मध्ये नायमन, लिंडे आणि कॅरिंग यांनी माणसाच्या दातावर मध्ये पडदा घालून त्वचेला अडवलं आणि लिगामेंटच्या पेशींना वाट मोकळी करून दिली. जोडणी झाली. आज वापरले जाणारे पडदे याच विचारातून आले; डुकराच्या दातकळ्यांपासून काढलेली एनॅमल मॅट्रिक्सची जेल आणि वाढघटक यांचंही उद्दिष्ट तीच जोडणी. मूलपेशींची कल्पनाही तिथूनच निघते: शर्यतीत योग्य पेशी मागे पडत असतील, तर त्या बाहेर वाढवून लाखांच्या संख्येने थेट जागेवर का सोडू नयेत?

कोणत्या पेशी, आणि त्यांना 'स्टेम' का म्हणायचं

दातांतून मिळणाऱ्या पेशींची ओळख एकामागोमाग झाली. २००० मध्ये दाताच्या गरातल्या, २००३ मध्ये पडलेल्या दुधाच्या दातांतल्या, २००४ मध्ये लिगामेंटमधल्या. काढलेल्या अक्कलदाढांच्या लिगामेंटमधून वेगळ्या केलेल्या या शेवटच्या पेशी प्रतिकारशक्ती दाबलेल्या उंदरांत बसवल्यावर सिमेंटम आणि लिगामेंटसारखी रचना तयार झाली. त्यामुळे हिरड्यांच्या कामात त्यांच्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष गेलं. याशिवाय अस्थिमज्जा, चरबी, हिरडी आणि नाळ यांतल्या पेशीही वापरल्या गेल्या आहेत.

पेशीला हे नाव लावायला किमान कसोट्या आहेत, २००६ मध्ये ठरलेल्या: प्लास्टिकच्या तळाला चिकटून वाढली पाहिजे, किमान ९५ टक्के पेशींवर सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ ही चिन्हं हवीत, रक्तपेशींची चिन्हं २ टक्क्यांच्या वर नकोत, आणि प्रयोगशाळेत त्यातून हाड, कूर्चा आणि चरबीच्या पेशी बनल्या पाहिजेत. गंमत अशी की साधे फायब्रोब्लास्टही प्लास्टिकला चिकटतात, तसेच चातीसारखे लांबट दिसतात आणि यातली बरीच चिन्हं अंगावर मिरवतात. सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो दाखवून 'या तुमच्या स्टेम सेल' म्हणणं म्हणूनच निरर्थक आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बसवलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरून जातात. प्राण्यांत खूण लावून पाहिलं तर नव्या ऊतीत त्यांचा वाटा फार थोडा सापडतो, आणि तरीही फायदा दिसतो. म्हणजे त्या विटा म्हणून कमी आणि मुकादम म्हणून जास्त काम करतात. प्रोस्टाग्लँडिन ई२, आयडीओ, टीजीएफ-बीटा यांसारखे संदेश सोडून त्या मॅक्रोफाज पेशींना लढाईच्या अवस्थेतून दुरुस्तीच्या अवस्थेत ढकलतात, टीएच१७चा जोर कमी करतात आणि दाह आवरणाऱ्या टी-रेग पेशी वाढवतात. ज्या संशोधक कॅप्लन यांनी १९९१ मध्ये 'मेसेंकायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केलं, त्यांनीच पुढे ते बदलावं असं सुचवलं. इंजेक्शनच्या जाहिरातीत हा बदल अजून पोचलेला दिसत नाही.

पेशी तयार कशा होतात आणि कुठे बिघडतात

काढलेली निरोगी अक्कलदाढ प्रतिजैविक घातलेल्या थंड द्रावणातून काही तासांत प्रयोगशाळेत जाते. मूळ अनेकदा धुतलं जातं आणि लिगामेंट फक्त मुळाच्या मधल्या तिसऱ्या भागावरून खरवडतात. वरच्या भागात हिरडीच्या पेशी आणि तोंडातले जिवाणू मिसळण्याची भीती, खालच्या टोकाला वेगळ्याच ऊती. खरवडलेला भुगा कोलॅजिनेज आणि डिस्पेज या ऊती विरघळवणाऱ्या विकरांच्या द्रावणात (साधारण ३ आणि ४ मि.ग्रॅ. प्रति मि.लि.) ३७ अंशांवर तासभर ठेवतात, ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळतात आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये वाढवतात. एका दातातून हाती लागणाऱ्या पेशी इतक्या थोड्या असतात की उपचाराला पुरतील एवढ्या व्हायला तीन ते सहा आठवडे सहज जातात. थाळी भरली की पेशी सोडवून नव्या थाळ्यांत वाटायच्या, याला पॅसेज म्हणतात. तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजपर्यंत थांबणं शहाणपणाचं. त्यापुढे पेशी म्हाताऱ्या होतात, पसरट दिसू लागतात आणि हाड बनवण्याची क्षमता घसरते.

बिघाड बहुतेक ठरावीक जागी होतो. पहिला म्हणजे दूषितीकरण. दात तोंडातून येतो, तोंड निर्जंतुक नसतं, आणि कँडिडा बुरशीने तिसऱ्या दिवशी थाळी घाण होणं ही नेहमीची डोकेदुखी आहे. दुसरा मायकोप्लाझ्मा. तो द्रावण गढूळ करत नाही, पेशी जिवंत दिसतात, पण वागणं बदलतं. वेगळी चाचणी केल्याशिवाय तो कळत नाही. तिसरा वासराचं सीरम: त्यातली प्रथिनं पेशींना चिकटून शरीरात जातात, म्हणून माणसाच्या वापरासाठी प्लेटलेट लायसेट (फोडलेल्या प्लेटलेटचा अर्क) किंवा सीरमविरहित माध्यमाकडे कल असतो. चौथा, पेशी कोणत्या दातातून घेतल्या. दाह झालेल्या लिगामेंटमधूनही पेशी मिळतात आणि भराभर वाढतातही, पण दाह आवरण्याची त्यांची ताकद कमी झालेली असते. स्वतःचाच पायोरिया झालेला दात काढून त्यातल्या पेशी वापरणं सोयीचं वाटतं, पण दर्जा तिथेच घसरतो.

मग त्या जागेवर टिकवायच्या कशा? पॉकेट हा वरून उघडा खिसा आहे. सलाइनमधल्या पेशी त्यात टोचल्या तर लाळ, जीभ आणि हिरडीतून सतत झिरपणारा द्रव त्यांना बाहेर काढतो. म्हणून त्या कोलॅजेन स्पंज, जेल किंवा हाडाच्या कणांवर बसवतात, नाहीतर हिरडीच्या ऊतीत टोचतात. यातली सगळ्यांत देखणी युक्ती जपानमध्ये निघाली. थाळीच्या तळाला असं पॉलिमर लावतात की ३७ अंशांवर पेशी त्याला चिकटून राहतात आणि थाळी ३२ अंशांखाली थंड केली की तळ पाणी ओढून घेतो आणि पेशींचा अख्खा पातळ पडदा सुटून येतो. पेशी सोडवणारं ट्रिप्सिन हे विकर घालावं लागत नाही, त्यामुळे पेशींना जोडून ठेवणारी प्रथिनं शाबूत राहतात. असे तीन पडदे एकावर एक ठेवून मुळावर बसवायचे आणि खड्ड्यात बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे कण भरायचे. टोकियोत दहा रुग्णांवर हे केलं गेलं, गंभीर त्रास झाला नाही, पॉकेट्स कमी झाली आणि हाड वाढलेलं दिसलं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यामुळे त्यात पेशींचा वाटा किती आणि शस्त्रक्रियेचा व कणांचा किती, हे त्यावरून काढता येत नाही.

माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात

तुलनेचा गट आला की चित्र बदलतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत ३० रुग्ण होते. एका गटाला स्वतःच्या लिगामेंटच्या पेशी आणि गुरांच्या हाडापासून केलेले कण, दुसऱ्याला नुसते कण. वर्षभराने दोन्ही गट सुधारले, पेशी सुरक्षित ठरल्या, पण दोघांत ठोस फरक सापडला नाही. माद्रिदमधल्या २० रुग्णांच्या चाचणीचा (२०२०) निष्कर्षही साधारण तोच. उलट तूरिनमध्ये (२०१८) २९ रुग्णांत दातातला गर बारीक करून, गाळून, कोलॅजेन स्पंजवर बसवला, आणि नुसत्या स्पंजपेक्षा तो गट स्पष्ट सरस ठरला.

विसंगती वाटते, पण तुलनेचा गट बघा. पहिल्या दोन ठिकाणी पेशींची स्पर्धा हाडाच्या कणांशी होती, आणि ते स्वतःच चांगलं काम करतात. तिसऱ्या ठिकाणी समोर नुसता स्पंज होता, जो जागा धरून ठेवण्यात कमजोर. कोणताही दावा वाचताना 'किती मि.मी. सुधारणा झाली' याआधी 'कशाच्या तुलनेत' हे विचारा.

तुम्हाला सांगितलेल्या इंजेक्शनच्या सगळ्यांत जवळची चाचणी चीनमधली आहे, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली, अनेक केंद्रांवर मिळून १३२ रुग्णांची. दुसऱ्या व्यक्तीच्या दातातल्या गराच्या पेशी वाढवून टोचल्या आणि सलाइनशी तुलना केली. तिसऱ्या टप्प्याच्या (गंभीर) पायोरियात पेशींचा गट पुढे होता, पण दोन गटांतला सरासरी फरक एका मिलिमीटरपेक्षा कमी. शास्त्राच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, कारण शस्त्रक्रियेशिवाय आणि तयार साठ्यातल्या पेशींनी काहीतरी घडलं. पण ६-७ मि.मी.च्या पॉकेटमध्ये तेवढ्याने काय साधणार, याचा हिशेब तुम्हीच करा.

मापनाबद्दल एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. प्रोब म्हणजे मि.मी.च्या खुणा असलेली बोथट सळई. ती साधारण २०-२५ ग्रॅम जोराने हिरडीच्या फटीत सरकवून, प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोली मोजतात. हिरडीत दाह असला की टोक मऊ ऊतीत रुतून जास्त खोल जातं. दाह उतरला, हिरडी घट्ट झाली की तेच टोक आधी अडतं. आत एकही नवा तंतू न येता आकडा एक-दोन मि.मी.ने सुधारू शकतो. एक्स-रेही फसवतो: हाडाचे कण स्वतःच पांढरे दिसतात, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी काढलेल्या फोटोतही खड्डा 'भरलेला' असतो. नवं सिमेंटम आणि त्यात रुतलेले तंतू दिसतात ते दात भोवतालच्या हाडासकट काढून, काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. ते कोण करून देणार? म्हणून माणसांतले बहुतेक दावे अप्रत्यक्ष पुराव्यावर उभे आहेत, आणि 'आधी-नंतर'चे फोटो पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी.

नावाने फसू नका

'स्टेम सेल' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) असतं. हातातून रक्त काढायचं, दहा-बारा मिनिटं सेंट्रिफ्यूज करायचं, नळीत पिवळसर जेलीचा गोळा तयार होतो. त्यात फायब्रिन, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी असतात. जखम भरायला हे उपयोगी आहे, पण हा स्टेम सेलचा उपचार नव्हे. ओळखायची सोपी खूण वेळ. त्याच बैठकीत काढून अर्ध्या तासात परत घातलं असेल, तर पेशी वाढवलेल्या नाहीत. अस्थिमज्जेतही मूलपेशी केंद्रक असलेल्या पेशींच्या ०.००१ ते ०.०१ टक्का एवढ्याच असतात. वाढवल्याशिवाय मोठी संख्या मिळत नाही.

सध्या चलती एक्सोसोमची आहे. पेशींनी बाहेर टाकलेल्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्या, ज्यांत प्रथिनं आणि आरएनएचे तुकडे असतात. पेशी मुकादमच असतील तर मुकादमाऐवजी त्याच्या चिठ्ठ्याच पाठवाव्यात, असा विचार. तो मला पटतो. जिवंत पेशी नाहीत म्हणजे गाठ होण्याची भीती कमी, गोठवून ठेवता येतं, आणि दाहाच्या जागी पेशी मरण्याचा प्रश्नच उरत नाही. प्राण्यांतले निकालही उत्साह वाढवणारे आहेत. अडतं ते मात्रेत. एका बॅचमधली चिठ्ठी दुसऱ्या बॅचसारखी नसते, कण मोजायचे की प्रथिन मोजायचं यावरही एकवाक्यता नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये एक्सोसोमच्या अनधिकृत उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर जाहीर इशारा दिला होता. हिरड्यांसाठी मान्यता मिळालेलं एक्सोसोमचं उत्पादन त्यांच्याकडे नाही.

मग आज काय करायचं

क्रम चुकवू नका. आधी घरची सफाई: दातांच्या फटींत बसेल एवढ्या मापाचा इंटरडेंटल ब्रश रोज. नुसत्या टूथब्रशने दाढांच्या मधली जागा साफ होत नाही. मग बधिर करून हिरडीखालचं किटण काढणं, आणि ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा मोजणी. त्याआधी मोजलं तर हिरडी अजून भरत असते. ६ मि.मी.ची अनेक पॉकेट्स एवढ्यानेच ४ वर येतात आणि शस्त्रक्रियेची यादी आपोआप छोटी होते. मधुमेह असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ७ टक्क्यांखाली आणा. धूम्रपान थांबवा, दिवसाला दहा सिगरेट ओढणाऱ्यात महागातली महाग जेलही वाया जाते. त्या दाढेची नस जिवंत आहे का हे तपासून घ्या. नस मेलेली असेल तर खड्ड्याचा उगम मुळाच्या आतून असू शकतो आणि आधी रूट कॅनाल लागतं. दाढ हलत असेल तर शेजारच्या दाताला बांधून स्थिर करा.

त्यानंतरही पॉकेट ६ मि.मी. किंवा जास्त आणि तिरका खड्डा किमान ३ मि.मी. खोल राहिला, तर पुनर्निर्मितीची शस्त्रक्रिया करावी. खड्ड्याचा आकार सगळं ठरवतो. एक्स-रेत मूळ आणि खड्ड्याची कड यांतला कोन २५ अंश किंवा कमी असेल तर फायदा जास्त, ३७ अंशांच्या वर असेल तर कमी. तीन बाजूंनी हाड असलेला अरुंद खड्डा विहिरीसारखा असतो, रक्ताची गाठ त्यात धरून राहते. एकाच बाजूला भिंत असलेला खड्डा म्हणजे उतार, तिथून ती घसरते. हाड सगळीकडून सारखंच खाली गेलं असेल, तर ते वर आणणारा खात्रीचा उपाय आज नाही.

शस्त्रक्रियेत दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण वाचवणं हीच अर्धी लढाई. ती जागा २ मि.मी.पेक्षा रुंद असेल तर छेद एका पद्धतीने, अरुंद असेल तर तिरका, वेगळ्या पद्धतीने. फ्लॅप लागेल तेवढाच उचलायचा. खड्ड्यातली दाहाची ऊती पूर्ण काढायची, मुळावर किटणाचा कण राहू द्यायचा नाही. एनॅमल मॅट्रिक्सची जेल वापरायची असेल तर मुळाला २४ टक्के ईडीटीए दोन मिनिटं लावून, सलाइनने धुऊन, रक्त लागण्याआधी जेल सोडायची. रक्तातली प्रथिनं आधी बसली तर जेलला जागा उरत नाही. कण वापरले तर हलक्या हाताने भरायचे. दाबून बसवले तर मधून रक्तवाहिन्यांना शिरायला वाट राहत नाही. शेवटी टाके ताण न येता, कडा कडेला टेकतील असे.

अपयश आलं तर बहुधा इथेच येतं: आठ-दहा दिवसांत त्रिकोणाचं टोक काळं पडून उघडतं आणि आतलं सगळं लाळेत येतं. म्हणून टाके साधारण दोन आठवड्यांनी काढायचे, तोपर्यंत त्या जागी ब्रश नाही, फक्त क्लोरहेक्सिडिनची गुळणी, त्या बाजूने चावणं बंद. पुढे मऊ ब्रशने हळूहळू सुरुवात. आणि सहा महिने तिथे प्रोब घालू द्यायचा नाही, कोणी कितीही उत्सुक असलं तरी. कोवळी जोडणी तेवढ्यानेही फाटते.

पेशींच्या चाचण्यांत फरक का दिसत नाही, याचं माझं उत्तरही याच खड्ड्यात आहे. अरुंद, तीन भिंतींच्या खड्ड्याभोवती उरलेलं लिगामेंट आणि अस्थिमज्जा असते, म्हणजे मूलपेशींचा घरचाच साठा. मूळ स्वच्छ आणि रक्ताची गाठ स्थिर असेल तर त्या स्वतः चालत येतात. बाहेरून आणखी आणून टाकल्या तर विशेष भर पडत नाही. जिथे घरचा साठा संपलाय, म्हणजे एका भिंतीचे रुंद खड्डे, दाढेच्या मुळांमधून आरपार गेलेली पोकळी, सर्व बाजूंनी खचलेलं हाड, तिथे पेशींची खरी परीक्षा आहे. तिथल्या चाचण्या फार थोड्या, कारण सोप्या खड्ड्यांत निकाल देखणे येतात.

तरीही इंजेक्शन घ्यायचं ठरवलं तर

हे लेखी मागा: पेशी कोणाच्या आणि कोणत्या ऊतीतल्या, कितव्या पॅसेजच्या, एका मात्रेत किती, त्यातल्या जिवंत किती टक्के. जिवाणू, बुरशी, मायकोप्लाझ्मा आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) यांच्या चाचण्यांचा त्या बॅचचा दाखला. देशातल्या औषध नियामकाची परवानगी किंवा चाचणीचा नोंदणी क्रमांक. नोंदलेल्या चाचणीत सहसा उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. मोठी रक्कम मागितली जात असेल तर ती चाचणी नसून विक्री आहे असं समजा. पूर्वी कर्करोग झालेला असेल, हाडांच्या ठिसूळपणावर बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब चालू असेल, तर ते आधी सांगा. आणि किटण न काढता थेट टोचायची तयारी दिसली तर उठून या. जिवाणूंच्या विषारी अंशांत आणि टीएनएफ-अल्फा या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाच्या माऱ्यात याच पेशींची हाड बनवण्याची क्षमता दबते, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलेलं आहे.

अक्कलदाढ काढायची वेळ आली तर ती पेशींसाठी साठवून ठेवावी का, असंही बरेच जण विचारतात. हिरड्यांच्या आजच्या कोणत्याही नेहमीच्या उपचाराला तिची गरज नाही. हौस असेल तर ठेवा.

खऱ्या चाचणीत भाग घ्यायचा असेल तर त्या दाढेची शस्त्रक्रिया करण्याआधीच चौकशी करा. नुकतीच शस्त्रक्रिया झालेला दात चाचणीत सहसा घेत नाहीत, कारण सुरुवातीची मोजणीच बदललेली असते. साफसफाई आणि ८-१२ आठवड्यांनंतरची मोजणी मात्र त्यांनाही हवीच असते. ती आजच सुरू केली तर दोन्ही वाटा खुल्या राहतात.